दोरीवरचं गाणं

आमच्या अब्बांचं ऐका. उमेदीत गलबतावर शिडं ओढली, मग विश्रांतवाडीत स्थायिक झाले. पुढे पक्षाघातात त्यांची वाचाच गेली. अम्मी त्यांच्या एका शब्दासाठी झुरत होती.

हाताच्या व्यायामासाठी एक बाई घरी यायच्या. एकदा त्यांनी दाराला कप्पी लावून अब्बांच्या हातात दोरी दिली.

"काका, ओढा."

अब्बांनी दोरी ओढली आणि खणखणीत सूर लागला, "हैया हो, शीड चढव हो!"

आम्ही थक्क! बाई म्हणाल्या, "गाता येतंय ना? मग हळूहळू बोलतीलही. रोज गाऊ द्या."

अम्मीनं डोळे पुसले. "अहो, चहा ठेवू का?"

अब्बांनी पुन्हा दोरी खेचली.

"हैया हो, साखर वाढव हो!"