एकही मेल हरवलेला नाही

...आणि वर मलाच विचारतात, "त्यात काय एवढं? एक डबा इथून उचलायचा, तिथे ठेवायचा!" डबा? अहो, मेलचा सर्व्हर आहे तो, डबा काय! अख्ख्या ऑफिसचे मेल त्याच्या पोटात. कुणाची रजा, कुणाची बदली, कुणाचं कुणाशी वाजलं, सगळं आत! आणि ते सगळं जुन्या इमारतीतून पुलापलीकडच्या नव्या इमारतीत न्यायचं, म्हणजे तिकडच्या नव्या मशीनमध्ये ओतायचं, आणि ओतताना थेंब सांडायचा नाही. कोण करणार? मी! का? तर मी हंगामी! अवघड काम आलं की सगळ्यांना नेमका हंगामी माणूस आठवतो, तुम्हाला सांगतो.

हंगामी म्हणजे काय ते हंगामी माणसालाच विचारा. कायम झालो की ऑफिसचं क्वार्टर मिळणार, आणि क्वार्टर मिळालं की आम्ही नवरा-बायको सासऱ्यांच्या बाहेरच्या खोलीतून सुटणार. खोली कसली, येण्याजाण्याची वाट ती! आम्ही झोपलेलो असतो आणि सासरे आमच्या पायांवरून ढांग टाकून दार उघडायला जातात. कुणी आलं की ओळख करून देतात, "हे आमचे जावई," आणि मग आवाज खाली आणून, "हंगामी आहेत." अहो, नोकरी हंगामी आहे हो, जावई तरी कायमच आहे ना मी? पण बोलायची सोय आहे का? त्यांच्याच घरात, त्यांच्याच गादीवर!

तर साहेबांनी बोलावलं. म्हणाले, "हे काम नीट पार पाड, तुला कायम करतो. पण एक लक्षात ठेव..." आणि टेबलावर बोट आपटत, "एकही! मेल! हरवता! कामा! नये!" प्रत्येक शब्दाला एक बोट! घरी आलो, बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे झालंच की!" मी म्हटलं, "अगं, एकही मेल हरवता कामा नये म्हणालेत." तर म्हणते, "मग हरवू नका." झालं! मिटला विषय! आणि लगेच पडद्यांचं कापड किती लागेल याचा हिशोब. न पाहिलेल्या क्वार्टरच्या, न पाहिलेल्या खिडक्या!

आता मी मुळातच घाबरट. गॅस बंद केला का ते बघायला अर्ध्या जिन्यातून परत येणारा माणूस मी. दोनदा! म्हणून काय केलं, टेबलाटेबलाशी जाऊन विचारलं. "आलेले मेल नेऊ?" "ने." "पाठवलेले?" "ने." "आणि कचरा? कचरा न्यायचा का?" काय हसले लोक! "घर बदलताना केराची बादली भरून नेतोस का रे?" हिशेब विभागाच्या मॅडमनाही विचारलं... मॅडम म्हणजे काय, साहेबसुद्धा त्यांच्यासमोर खोकायचं असेल तर बाहेर जाऊन खोकतात... त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "कचरा? काहीतरीच काय! टाकून दे." बरं. टाकला. चार शहाणी माणसं एकच सांगतात म्हटल्यावर मी कोण?

मेल ओतायला लावले. ती पट्टी सरकते ना पडद्यावर, तिच्यासमोर मी बसून. जेवण जाईना. पट्टी जरा थांबली की माझा श्वास थांबतो, ती सरकली की माझा सरकतो. एकही मेल हरवता कामा नये, एकही मेल हरवता कामा नये... जप! शेवटी झालं एकदाचं. मोजले, जुळले. मी हळूच म्हटलं, "साहेब, जुनं मशीन चार दिवस असू दे, कशाला घाई..." "जागा अडवतंय ते! भंगारात दे!" लगेच टेम्पो बोलावला. मी पलीकडे, नव्या इमारतीत, पहिल्यांदाच निवांत बसलो, खुर्चीला पाठ लावली... आणि फोन. मॅडम!

"माझे मेल कुठायत?"

"मॅडम, सगळे आलेत."

"एकही नाही! माझं कपाट रिकामं आहे!"

"कपाट? कुठलं कपाट?"

"अरे, वाचून झालं की ते बटण दाबते ना मी, मग मेल आपोआप जाऊन बसतो तिथे. समोर पसारा नाही, काही नाही. सात वर्षांचं सगळं तिथेच आहे माझं!"

"मॅडम... ते बटण... त्याच्यावर डिलीट लिहिलंय हो!"

"लिहिलं असेल! लिफ्टमध्ये फक्त सहा माणसं असंही लिहिलंय. आपण ऐकतो का?"

"पण मी विचारलं होतं, कचरा न्यायचा का म्हणून!"

"तू कचरा म्हणालास! मला काय माहीत माझ्या कपाटाला तू कचरा म्हणतोस? आणि कचऱ्यात कोण हात घालतं रे? सगळ्यात सुरक्षित जागा आहे ती! मीच सगळ्यांना शिकवलंय इथे!"

सगळ्यांना! ऐकलंत? सगळ्यांना!! म्हणजे अख्खं ऑफिस आपलं महत्त्वाचं ते सगळं कचऱ्यात ठेवतंय, आणि मी इमानदारीत काय वाहून आणलं? तर "लिफ्ट बंद आहे" आणि "वाढदिवसाच्या शुभेच्छा"! आणि खरा ऐवज त्या जुन्या मशीनमध्ये, आणि मशीन भंगाराच्या टेम्पोत!

धावलो. बस पुलावर अडकली. उतरून धावलो. डोळ्यांपुढे बायको, तिच्या हातात पडद्याचं कापड, मागे सासरे, "हंगामीसुद्धा राहिले नाहीत!" धावत धावत जुन्या इमारतीपाशी पोचतो तर काय... टेम्पो फाटकातच उभा! टेम्पोवाला ओरडतोय, "अहो, भंगार आहे ते!" आणि आमचा वॉचमन, हाताची घडी घालून, "भंगारालाही गेटपास लागतो."

हा वॉचमन रोज माझं तोंड बघतो आणि रोज माझं कार्ड मागतो. रोज मी मनात चार शिव्या घालतो. त्या दिवशी मी त्याला मिठी मारली. कडकडून! डोळ्यांत पाणी माझ्या. त्याने मला हळूच बाजूला केलं आणि म्हणाला, "कार्ड?"

मशीन उतरवलं. वर न्यायला दम कुणाला? त्याच्याच केबिनमध्ये ठेवलं, त्याची चहाची किटली काढली आणि त्या प्लगात मशीन लावलं, खिडकीतून लांबलचक वायर ओढली, आणि कचरा ओतायला सुरुवात! दुपारभर कचरा जातोय पुलापलीकडे. संपता संपेना! वॉचमन दर थोड्या वेळाने विचारतो, "झालं का? चहा करायचाय." आणि मी पट्टीसमोर, घामाने चिंब, एकही मेल हरवता कामा नये... आणि झालं! सगळं पोचलं! मॅडमचा फोन, "आलं हो कपाट!" मी तिथेच पायरीवर बसकण मारली आणि त्या किटलीतला पहिला चहा प्यायलो.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्यांना हॉलमध्ये जमवलं. मला पुढे उभं केलं. "याला म्हणतात काम! एकही मेल हरवला नाही!" टाळ्या! मॅडमनी तर उभं राहून वाजवल्या. मी लाजलो. आणि साहेब माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुला कायम केल्याची ऑर्डर सकाळीच मेल केलीय. मिळाली ना?"

...नव्हती मिळाली.

आत्ताच बघून आलो होतो हो! आलेल्यात नाही, कचऱ्यात नाही, कुठ्ठे नाही! आता सांगा, काय बोलू? "नाही" म्हटलं तर मेल हरवला. मेल हरवला तर मी कायम नाही. म्हणजे कायम झाल्याचं पत्र मिळालं नाही म्हणून सांगितलं तर ते पत्रच रद्द! सगळं ऑफिस बघतंय, साहेबांचा हात खांद्यावर...

"मिळाली साहेब! आभारी आहे!"

पुन्हा टाळ्या.

आता "पुन्हा पाठवा" म्हणायची सोय नाही. साहेबांच्या खात्यात डोकवावं तर परवानगी लागते, आणि परवानगी मागावी तर कारण सांगावं लागतं. क्वार्टरवाला म्हणतो, "ऑर्डर दाखवा, किल्ली घ्या." बायको म्हणते, "अहो, दाखवा ना त्याला!" पडदे शिवून तयार. आणि सासरे परवा पाहुण्यांना सांगत होते, "कायम झालेत म्हणे," आणि आमच्या पायांवरून ढांग टाकून दार उघडायला गेले.

शेवटी काल मनाचा हिय्या केला आणि रीतसर तक्रार पाठवली, मला माझा मेल मिळालेला नाही म्हणून. मेल न मिळाल्याच्या तक्रारी ऑफिसात कोणाकडे जातात माहितीये? माझ्याकडे. आली. वाचली. काय करणार, उत्तर तर द्यायलाच हवं... दिलं. "या कार्यालयातील एकही मेल हरवलेला नाही. कृपया पुन्हा एकदा नीट शोधावे."

...शोधतोय.