पलंगाची जागा

(किंग्स्टन. दुपार. ऑस्बर्न क्रुकशँकची झोपायची खोली. बाहेर गल्लीत स्पीकर रचून गाणी लावताहेत.)

मर्टल : हात लाव गं हायसिंथ, एकटीनं हलेना मला हा पलंग.

फॅगन : मावशी, हलवू नका! काल प्रत्येक वस्तूचा फोटो काढून नंबर दिलाय मी. संग्रहालयातर्फे ही खोली आहे तश्शी जपायची आहे. पलंग, चपला, ती बेस गिटार, सगळं.

मर्टल : माझा भाऊ जाऊन आज नववी रात्र आहे, फॅगन. गादी उलटायची, पलंग फिरवायचा. म्हणजे आला तरी त्याला घर ओळखू येत नाही, नि तो आपल्या वाटेनं जातो. तुझ्या आजीनं शिकवलं नाही? का कोट चढवला की आजी विसरते?

फॅगन : शिकवलंय हो. पण ऑस्बर्नदादांनी याच पलंगावर बसून बेसवर ती चाल बांधली. दीडशे गाणी उभी आहेत तिच्यावर. गाणाऱ्यांची नावं जगाला पाठ, यांचं कुणाला माहीत नाही. एक खोली तरी त्यांच्या नावाची राहू दे. वहिनींनी सही केलीय.

मर्टल : सही? मला न विचारता?

हायसिंथ : केली.

मर्टल : नावासाठी?

हायसिंथ : नाव काय करायचंय, वन्सं. सही केली की खोलीला कुणी हात लावणार नाही, असं फॅगन म्हणाले. तो आला तर त्याला खोली सापडायला हवी.

मर्टल : वेडी का खुळी तू!

हायसिंथ : नऊ दिवसांत मला रडू आलेलं नाही. बाहेर बोकडाच्या मुंडीचं सूप शिजतंय, मला वास येत नाही. त्याचीच चाल वाजतेय, गल्ली डोलतेय, मला नुसती खिडकीची काच थरथरताना दिसते. आत काहीच होत नाही. तो आला तर होईल कदाचित.

मर्टल : ऐक. आमचा बाप गेला तेव्हा आईनं पलंग हलवू दिला नाही. अकरा वर्षं रोज त्याचं ताट वाढलं. आम्ही चौघं समोर जेवायचो नि ती दाराकडे बघायची. ऑस्बर्न सगळ्यांत धाकटा. तिनं आपल्याकडे बघावं म्हणून खोक्याला तार बांधून वाजवत बसायचा. तिथनं लागला त्याला नाद. लिहिणार आहेस का रे हे तुझ्या पाटीवर?

फॅगन : हे मला कुणी सांगितलंच नाही.

हायसिंथ : मलाही नाही. एकेचाळीस वर्षांत एकदाही नाही.

मर्टल : सांगण्यासारखं काय होतं त्यात? शेवटपर्यंत वळली नाही ती.

हायसिंथ : फॅगन, फोटो झालेत ना?

फॅगन : झालेत.

हायसिंथ : मग तेवढे ठेवा. कोट काढा आणि डोक्याकडची बाजू धरा, जड आहे.

फॅगन : वहिनी, एकदा हलवला की मग ही खोली त्यांची उरणार नाही.

हायसिंथ : उचला.

मर्टल : हळू. अजून फिरव, खिडकीकडे. हां, टेकव. आता गादी. झालं. जरा आडवी हो, हायसिंथ. संध्याकाळी अख्खी गल्ली लोटेल, मग पाठ टेकायला मिळायची नाही.

हायसिंथ : होते.

मर्टल : मग उभी का?

हायसिंथ : मी भिंतीकडे निजायची, तो कडेला. भिंत आता त्याच्या बाजूला आलीय. कुठं निजू, वन्सं?