हेनिंगचं तळं

— येते हो, येते, नाही कुठे म्हणतेय? तो भोंगा माझ्यासाठीच वाजवताय ना, ऐकू येतं मला. पण आधी दोन चेरी खा. अग्निशमन दलातल्या बायकांनी चेरी खाऊ नयेत असा काही नियम आहे का? नाही ना. मग बसा त्या बाकावर, झाडाखाली सावली आहे. आठ हजार माणसं घरं सोडून शाळांमध्ये वाटाण्याचं सूप खात बसलीत आणि एका म्हातारीपायी बॉम्ब निकामी करणारे खोळंबलेत — कळतं मला. पाचवी खेप आहे माझी. हानोव्हरमध्ये राहायचं म्हणजे एखादा रविवार असा जायचाच. कुणी पाया खणला की निघाला महायुद्धातला न फुटलेला बॉम्ब. आमचे राजे लंडनला जाऊन इंग्लंडच्या गादीवर बसले, आणि दोनशे वर्षांनी इंग्लंडनं विमानातून हे पाठवलं. घरचा आहेर, दुसरं काय!

बॅग भरलीय, फक्त मागच्या फाटकाला कुलूप घालते. मी दर वेळी शेवटी निघते आणि पहिली परत येते. का म्हणजे? मागे कुणी येऊन खणायला नको म्हणून. आमचे डीटर — मिस्टर हो माझे — जन्मभर म्हणत राहिले, आठ दिवस समुद्रावर जाऊ. नाही गेलो. आणि मुलाला, हेनिंगला, इथे तळं करायचं होतं, पोरांसाठी, सोनेरी मासे वगैरे. फावडं घेऊन आला, मी ते हिसकावलं — बेचाळीस वर्षांच्या माणसाच्या हातातून. म्हणाला, तुला माझ्यापेक्षा झाड प्यारं. बरोबरच आहे, त्याला दुसरं काय वाटणार? अकरा वर्षं झाली, या घरात पाऊल नाही. राहतो ट्रामनं वीस मिनिटांवर. डीटरच्या अंत्यविधीला भेटला, तेव्हा हात मिळवला. आईशी — हात मिळवला.

वाईट वाटतं हो, रोज वाटतं. पण वडिलांना शब्द दिला होता ना. सहा वर्षांची होते मी, त्रेचाळीसचा ऑक्टोबर, एका रात्रीत बॉम्बनी निम्मं शहर गेलं, आणि सकाळी बघतो तर अंगणात हे भोक, बादलीएवढं. वडील वाकून बघत राहिले. आई आठ दिवसांची बाळंतीण — कळवलं असतं तर घर सोडा म्हणाले असते, आणि जायचं कुठे? घरं उरली होती का कुणाची? त्यांनी माती लोटली, वर हे चेरीचं रोप लावलं, म्हणाले, झाड असलं की कुणी खणत नाही, आणि तू कुणाला बोलायचं नाहीस. पुढे ते गेले, शब्द राहिला. नाही बोलले, डीटरलासुद्धा नाही — काय? नाही हो, आज सापडला तो शाळेमागचा, तो वेगळा. आमचा अजून —

उठलात का?

बरं, बसा म्हणत नाही आता. वाटी राहू दे तिथेच. फोन लावताय ना, लावा, तुमचं काम आहे ते. पण त्याच्यानंतर हेनिंगला लावा, नंबर फ्रिजवर चिकटवलाय. त्याला सांगा आई तळं का खणू देत नव्हती ते — तुम्हीच सांगा, मला जमायचं नाही. आणि व्हा आता पुढे. हळू टाका पाय.