मूळ मालकीण

वाहन नोंदणीच्या रांगेत माझ्यापुढे पंचाहत्तरीच्या एक बाई होत्या. त्यांची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार विकत घेणारी तरुण डॉक्टर त्यांच्या शेजारी उभी होती.

“काकू, एक्कावन्न वर्षांत नवा रंगसुद्धा दिला नाहीत?”

“गरजच पडली नाही. हिरवा रंग अजून मूळचाच आहे. दर रविवारी मी स्वतः पुसते, मऊ सुती कापडाने.”

“आणि इंजिन?”

“दोनदा उघडलं. दोन्ही वेळा मी स्टूल टाकून तिथेच बसले होते. मेकॅनिक जाम वैतागला होता.”

“मग विकताय कशाला?”

“गुडघे गं. त्या सीटवर बसता येतं, पण उठता येत नाही. मुलगा म्हणाला, राहू दे गॅरेजमध्ये. मी म्हटलं, ती काय शोकेसमधली बाहुली आहे? तिला रस्ता हवा. तू भरपूर पळव तिला.”

“पळवेन, काकू. अगदी जपून पळवेन.”

तेवढ्यात त्यांचा नंबर आला. खिडकीतल्या कारकुनाने कागद चाळले.

“आजी, मूळ मालक कुठे आहेत? सही त्यांचीच लागेल. यजमान नाही आले?”

“यजमान शेजारच्या सीटवर बसायचे. मूळ मालकीण मी आहे. कागदावरचं नाव नीट वाचा आणि पेन द्या इकडे.”