तेलाची तार

माझं माहेर वरव्याचं, वरवे बुद्रुक, हितं नसरापूरच्या जवळ, आन् आमचं वडील जत्रंत गोडीशेव आन् रेवड्या इकायचं, म्हंजी आई करायची आन् वडील इकायचं, शेत व्हतं पर ते नावाला, खरं पोट जत्रंवर. ते समदं काम गुळाच्या पाकाचं, पाक चुकला की शेव चिवट व्हती न्हाईतर तिचा भुगा व्हतो, आन् पाक बघायचा तो बोटावर, गरम थेंब आंगठ्यावर घ्यायचा, शेजारच्या बोटानं दाबायचा आन् उचलायचा, मधी तार आली का, किती वढती, किती चिकटती. मला आईनं लहानपणीच बसवलं त्या कामाला. म्हणायची, धुरात डोळ्याला काय दिसतंय, बोटाला इचार. असं माझं शिक्षान झालं, दुसरं काय झालं न्हाई.

लगीन झालं आन् भोरात आले. मालक फटफट्या दुरुस्त करायचं, यष्टी स्टँडच्या मागं पत्र्याची शेड, पुढं गॅरेज आन् मागं आमचा संसार, मी, हे आन् सासूबाई. फटफट्या तरी त्या टायमाला किती असणार, डाक्टरची, ठेकेदाराची, दूध गोळा करणाऱ्याची. मला मूलबाळ झालं न्हाई, ते आत्ताच सांगून टाकती, म्हंजी मधी इचारायला नगं. सासूबाई दुसरी बायको कर म्हणून ह्यांच्या मागं लागल्या व्हत्या, माझ्यासमोरच म्हणायच्या, मी भाकरी थापत असायची आन् त्या म्हणायच्या. मी थापतच ऱ्हायची.

आता इंजनाच्या तेलाचं तुमाला ठावं असंल, पर सांगती. तेल जाड असतंय, पातळ असतंय. थंडीचं जाड घातलं की किक मारून मारून माणूस घामाघूम, तेल लवकर वर चढत न्हाई आन् इंजन टकटक वाजतं. आन् उन्हाळ्याचं पातळ घालून दोन्ही अंगाला दुधाच्या किटल्या बांधून वेल्ह्याकडचा चढ चढायला गेलं, की आत तेलाचं पाणी व्हतं, इंजन तापतं आन् जाम. आमच्याकडं तेल सुट्टं यायचं, रस्त्याच्या कामावरची उरलेली बॅरलं, वर काय लिवलेलं ते उन्हापावसानं गेलेलं. हे काडीवर थेंब घ्यायचं आन् म्हणायचं जाड हाय, चांगलं हाय. मंग एकदा अशीच एक फटफटी वेल्ह्याच्या वाटंला जाम झाली आन् बैलगाडीत घालून माघारी आली, गिऱ्हाईक लई बोललं, हे खाली मान घालून ऐकत व्हतं. तवा म्या म्हणलं, अवो, पाक कुणी थंड करून बघतं का, थंडपणी समदंच जाड लागतंय. वाटीत तेल घेतलं, ष्टोवर चांगलं गरम केलं, थेंब बोटावर घेतला, म्हणलं ह्ये तार धरत न्हाई, पातळ पडतंय. दुसऱ्या बॅरलातलं त्यात मिसळलं, पुन्हा गरम केलं, पुन्हा बघितलं, म्हणलं आता घाला.

त्या दिसापास्नं हे वाटी घिऊन मागल्या दाराला यायचं. गिऱ्हाइकाला म्हणायचं, थांबा, वाईच आत इचारून येतो. काय सांगू तुमाला, पदरात पोर न्हाई त्या बाईला तेवढं लई व्हतं. सासूबाई बी गप झाल्या, दुसरीचं नाव निघंना, दुसरीला कुठं तेल कळणार व्हतं. त्या घरातलं माझं समदं त्या दोन बोटावर व्हतं, मला ते पक्कं ठावं व्हतं, पर म्या कवा कुणाला बोलून न्हाई दावलं.

मंग एका हिवाळ्यात काय झालं. सरकारचा एक साहेब असायचा, गावोगाव फटफटीवर हिंडून लोकांच्या अंगावरचं चट्टं बघायचा, रगतपिती, म्हंजी महारोग, हाय का त्याची तपासणी. पासलीकडं निघाला व्हता, तेल बदलायला आमच्याकडं थांबला. म्या वाटी ष्टोवर धरली, थेंब घेतला, आन् मला कायच कळंना. गरम कळंना, चिकाट कळंना. म्हणलं गार हाय अजून, आणखी तापवलं, पुन्हा थेंब घेतला. हे म्हणालं, अगं, धूर निघतोय. बघती तर बोटावर फोड आलेली, टम्म, आन् मी आपली तिच्याकडं बघत बसले, बोट दुसऱ्या कुणाचं असल्यागत.

साहेब उठून आला, म्हणाला डोळं मिटा. कापसाची वात करून बोटाला लावणार आन् कुठं लावली ते म्या सांगायचं. मी मिटून बसले. लई येळ झाला, मला वाटलं ह्यानं अजून सुरूच केलं न्हाई, म्हणलं साहेब, लावा की. हे बाजूला उभं व्हतं, हे म्हणालं, लावतायत ते.

मनगटाच्या वर एक फिक्का चट्टा व्हता, म्या उष्णतेचा म्हणून सोडून दिला व्हता. साहेब माणूस चांगला, म्हणाला बाई, ह्यो रोग बरा व्हतो, गोळ्या घ्यायच्या, घर सोडायचं न्हाई, ताट येगळं करायचं न्हाई, पर बोटातलं जे गेलंय ते माघारी येईल का ते मी सांगू शकत न्हाई. मला रडू न्हाई आलं. लोक रोगाला भेत्यात, माझ्या मनात आलं ते येगळंच, की आता वाटी कोण बघणार.

सासूबाईंनी ताट येगळं केलंच. ह्यांना म्हणल्या, तिला वरव्याला पोचवून ये. हे म्हणालं, ती कुठं जाणार न्हाई. तेवढंच म्हणालं, त्याच्यावर पुन्हा बोलणं न्हाई, आन् गोळ्या आणायला कवा चुकलं न्हाईत, पावसात बी चुकलं न्हाईत. समद्या बाया म्हणत्यात, नशिबाची हाईस, असा नवरा मिळत न्हाई. खरंच हाय ते. मी बी तसंच म्हणती.

पर बॅरलं गेली. ह्यांनी पुण्यास्नं बंद डबं आणलं, डब्यावर आकडा, तीस, चाळीस, पन्नास, आकडा मोठा तितकं तेल जाड. मला म्हणालं, आता बघायला नगं, लिवलेलं असतंय. म्या वाटी घासून फळीवर ठिवली.

उन्हाळ्याची गोष्ट सांगती. दूधवाला आलेला, दोन्ही अंगाला किटल्या, मागं त्याचा भाऊ, वेल्ह्याच्या बी पुढं जायचा. हे डबा वतत व्हतं आन् मी दारात उभी. धार बघितली. उलथन्यावरनं पाक पडतो तवा धार तुटती का न तुटता खाली जाती त्यावरनं बी अंदाज येतो, आईला बी यायचा. म्हणलं, अवो, ह्या वझ्याला ह्ये पातळ पडंल, पन्नासचं घाला. हे थांबलं. तेलाकडं न्हाई बघितलं, माझ्या हाताकडं बघितलं. मंग म्हणालं, तू सावलीला बस जा. आन् तेच वतलं. फटफटी गेली आन् सांजच्याला सुखरूप माघारी बी आली. माझंच चुकलं असंल. का न्हाई चुकलं, इंजनाच्या आतलं कुणाला दिसतंय. त्याच्यानंतर म्या सांगायचं सोडलं. वाईट वाटलं, न्हाई कशाला म्हणू, लई दिस वाटलं, मंग ते बी वाटायचं कमी झालं.

आता सासूबाई न्हाईत. गोळ्या थांबल्या, साहेब सांगून गेला रोग गेला, कुणाला काय व्हत न्हाई तुमच्यापास्नं. बोटं तशीच. तव्याजवळ जपून ऱ्हाती, भाकरी फुगली का ते नुसतं बघती. हे दिवाळीला लुगडं आणत्यात, मी आजारी पडले तर पेज करून देत्यात. कवा अंगावर आलं न्हाईत, कवा टाकून बोललं न्हाईत. ह्यांच्याबद्दल माझी काय बी तक्रार न्हाई, तसं लिवा तुमी तुमच्या वहीत.

मगाशी तुमी सहज इचारलंत, बाई, माझ्या गाडीला कोणतं तेल घालू. तुमी परगावचं, तुमाला काय ठावं. वझं न्हाई, एकटंच हाय, थंडी पडलीया आन् सकाळच्या पारी वेल्ह्याला निघणार, तर तीसचं घाला, चाळीस नगं. हे आत्ता येतील बाजारातनं. त्यांनाच सांगा, तीसचं पायजे म्हणून, तुमी आपल्या मनानंच सांगताय असं सांगा. माझं नाव नगा घिऊ. जावा, सुखरूप जावा.