सोबतचा दुभाषी

— नाही नाही, आत जायच्या आधी दोन मिनिटं बसा ना, ताई. ताई म्हटलेलं चालेल ना? मावशी म्हणणार होतो, पण तुम्ही असं बघितलंत की जीभ वळवली. बसा. तो साहेब अजून फोनवर आहे, काचेतून दिसतोय बघा, पाठ करून उभा. त्यानं बोलावल्याशिवाय तुम्हाला आत घेणार नाहीत. आणि कोट काढा, भिजलाय. द्या इकडे, मी अडकवतो. कॉलरला धरून नाही अडकवायचा, आत फीत असते तिला अडकवायचा, नाहीतर मान सुटते कोटाची. — मला कसं माहीत? आहे माहीत. असू द्या.

तर आतल्या खोलीत जे बसलेत ते माझे बाबा. तपकिरी स्वेटर, कानटोपी, पाय जुळवलेले, हात मांडीवर — शाळेच्या फोटोत पहिल्या रांगेत मास्तर बसतात ना, तसे. आता ही बंदराची पोलिसचौकी आहे, इथं कोण फोटो काढणार आहे? पण त्यांना कुठंही बसवा, ते तसेच बसतात. दोन तास शोधत होतो मी त्यांना. दोन तास! धक्क्यावर, संडासात, त्या दोरखंडांच्या ढिगामागं — पाण्यातसुद्धा बघितलं वाकून, खोटं कशाला बोलू. शेवटी हरवल्याची तक्रार द्यायला इथं आलो तर हा साहेब म्हणतो, एक म्हातारा आत बसलाय, स्वतःहून आला, दुभाषी मागतोय, आणि दुसऱ्या कुणालाही आत सोडू नका म्हणतोय. मी म्हटलं, अहो मी मुलगा त्यांचा. तो म्हणाला, बाकावर बसा.

एक आधीच सांगून ठेवतो. त्यांना इथली भाषा येत नाही. एक अक्षर नाही. म्हणून तर तुम्हाला बोलावलंय. फोनवर तुम्हाला तसंच सांगितलं ना? — मग तसंच धरून चाला.

निवृत्त मास्तरांची सहल आहे त्यांची. बारा दिवसांत सात शहरं, इथं दोनच दिवस. काल सगळ्यांबरोबर बसमधून हिंडले, आजचा दिवस मुलासाठी मोकळा घेतला. सकाळी आठला हॉटेलातून उचलायचं, संध्याकाळी सातच्या आत परत पोचवायचं, साडेसातला बस पुढच्या गावाला. आत्ता किती वाजले? सव्वापाच. म्हणजे आहे वेळ. आहे अजून. मी इथं तीन वर्षं आहे, शिकायला आलोय. आलो होतो. आलोय म्हणा.

तुमचे वडील मास्तर होते का? नव्हते ना? सुटलात. आमच्या बाबांनी आयुष्यात कुणाशी गप्पा म्हणून मारल्या नाहीत, फक्त तोंडी परीक्षा घेतल्या. जेवताना आईला विचारणार, आमटीत आज काय कमी आहे, सांग बघू? अहो, तुम्हाला कळलंय ना मीठ कमी आहे, मग सांगा आणि मोकळे व्हा! नाही. समोरच्याच्या तोंडून उत्तर यायला पाहिजे. छत्तीस वर्षं व्याकरण शिकवलं. मी बोबडं बोलायचो तेव्हाही माझी विभक्ती सुधारायचे म्हणे, आई हसत सांगते हे, मला कधी हसू आलेलं नाही.

आणि आजचा दिवस? त्याचं वेळापत्रक करून आणलं होतं घरून. ही वही — ही बघा, पिशवीत सापडली, बाकावर पिशवी ठेवून गेले ना ते — यात आठ तास पाडलेत. पहिला तास संग्रहालय. दुसरा तास जुना पूल. तिसरा, घड्याळाचा मनोरा. असं करत करत पाचवा तास: ‘चि. चे विद्यापीठ’. खाली दोन रेघा. चि. म्हणजे मी. घरातल्या कुठल्याही कागदावर माझं नाव लिहीत नाहीत, चि. लिहितात. दुधाच्या चिठ्ठीवरसुद्धा — चि. साठी अर्धा लिटर जादा. लहानपणी मला वाटायचं, आपलं नावच चि. आहे.

आता संग्रहालयात जाऊ नये असं मला वाटत होतं. का? — कारण आहे. मी म्हटलं, बाबा, तिथं काही नाही, फुटकी भांडी आहेत. तर म्हणाले, फुटक्या भांड्यांनाच संग्रहालयात ठेवतात, चांगल्यांना स्वयंपाकघरात. झालं, गेलो. दारातच कोट-छत्र्या ठेवायची खिडकी असते. तिथं आमची — तिथं एक बाई असते, मोठ्यानं बोलायची सवय, मला बघून ओरडली, ‘काय रे, सुट्टीच्या दिवशीही इथंच?’ बाबांनी माझ्याकडं बघितलं. काय म्हणाल्या त्या? मी म्हटलं, छत्री इथं ठेवा म्हणतायत. बाबांनी तिच्याकडं बघून मान हलवली आणि छत्री दिली. हा तिचा बिल्ला, खिशातच राहिला माझ्या. छत्री तिथंच राहिली. म्हणून म्हातारा भिजलाय.

हो. तिथं काम करतो मी. तुम्हाला कोटावरूनच कळलं असणार, तुम्ही काय कच्च्या नाही. लोकांचे कोट घेतो, बिल्ला देतो, बिल्ला घेतो, कोट देतो. वाईट आहे का? तीनशे कोट टांगलेत दिवसाला, एक अदलाबदल झालेला नाही. त्या विद्यापीठात मला इतकं नेमकं कधी काही आलं नव्हतं. चौदा महिने झाले सोडून. नापास नव्हतो, हां! लोकांना वाटतं नापास म्हणून. पास होत होतो आणि सोडलं. विषय बाबांनी निवडला, देश मामांनी निवडला, बॅग आईनं भरली. माझं त्यात काय होतं? पासपोर्टवरचा फोटो. एक दिवस वर्गात बसलो होतो, मास्तर फळ्यावर लिहीत होता आणि मला एकदम वाटलं की हा माणूस निघून गेला आणि मीही उठून गेलो तर या खोलीत काहीही कमी होणार नाही. तो नाही गेला. मी उठलो.

सांगायचं होतं मला घरी. खरंच. दर रविवारी फोन लावताना ठरवायचो. आणि बाबा पहिलाच प्रश्न टाकायचे — अभ्यास कसा चाललाय? त्या आवाजात विचारल्यावर कोण खरं सांगेल? तुम्ही सांगाल? ‘चांगला चाललाय’ हेच तोंडातून येतं, पाढ्यासारखं. मोठ्या माणसांना खरं ऐकायचं असतं तर त्यांनी प्रश्न असे विचारलेच नसते. आपण फक्त त्यांनी सोडलेल्या रिकाम्या जागा भरायच्या.

बरं, पाचवा तास. विद्यापीठ. फाटकावर रखवालदार, रजिस्टर घेऊन बसलेला. मी कार्ड दाखवलं, जुनं, त्यानं पाहिलं आणि म्हणाला, हे चालत नाही, तुझं नाव गेल्या वर्षीच काढलंय. काय म्हणतो? — बाबा. डागडुजी चालू आहे, आज आत सोडत नाहीत — मी. बाबा म्हणाले, मग त्याला विचार, तुझ्या वर्गाची खिडकी बाहेरून दिसेल का? आता हे मी रखवालदाराला काय विचारू? मी त्याला विचारलं, पुढची ट्राम किती वाजता? तो म्हणाला वीस मिनिटांनी, आणि हात केला उजवीकडं. मी बाबांना म्हटलं, ती बघा, तिसरा मजला, डावीकडून चौथी.

टोपी काढली त्यांनी, ताई. पाऊस पडत होता, छत्री तिकडं, आणि हा माणूस टोपी काढून त्या खिडकीकडं बघत उभा. चौथी खिडकी मी उगाच सांगितली होती! पडदा लावलेली. आत काय आहे मलाही माहीत नाही, झाडूपोछ्याचं सामान असेल. पाच मिनिटं बघत होते. मग टोपी घातली, म्हणाले, चल, सहावा तास.

— मी रडत नाहीये. हीटर तोंडावर आहे.

मग इथं धक्क्यावर आलो. बोटीची फेरी, सातवा तास. म्हणाले, दोन तिकिटं घेऊन ये, मी बसतो इथं. रांग होती. परत आलो तर बाकावर नुसती पिशवी. हॉटेलचा पत्ता लिहिला असेल म्हणून वही उघडली. पत्ता होता. आणि — मघाशी मी तुम्हाला म्हटलं ना, त्यांना इथली भाषा येत नाही म्हणून?

येते.

हे पान बघा, आजचं. डाव्या बाजूला मी काय सांगितलं ते, उजव्या बाजूला तो माणूस खरं काय म्हणाला ते, इथल्याच भाषेत, आणि खाली मराठीत अर्थ. लाल पेन! सहलीला येताना लाल पेन घेऊन आलेत! ‘छत्री — चूक.’ ‘डागडुजी — चूक.’ ‘खिडकी — प्रश्न विचारलाच नाही.’ संडासला जायचे ना मधून मधून, मला वाटायचं म्हातारपण. लिहायला जात होते. म्हणजे छत्री देताना त्यांना माहीत होतं की छत्री कुणी मागितलेली नाही. आणि दिली! त्या खिडकीसमोर माहीत होतं, आणि टोपी काढली! आता हे काय आहे, मला सांगा ना. माझी टिंगल केली? का आणखी काही होतं? मला नाही कळत. दिवसभर ‘त्याला विचार, तिला विचार’ — मला वाटलं म्हाताऱ्याची हौस. ते प्रत्येक वेळी माझ्यापुढं रिकामी जागा ठेवत होते, आता तरी भर म्हणून. आणि मी भरत होतो, बिनचूक चुकीची.

एक बरोबर आहे. एकच. सकाळी पुलाच्या टोकाला कॉफीच्या गाडीवाली म्हणाली, म्हातारा दमलाय रे, बसव त्याला. मी सांगितलं, बाबा, बसा म्हणतेय, दमलात तुम्ही. तिथं टिकमार्क आहे. बघा.

कधी शिकले, विचारा. पहिलं पान बघा. नाही, तुम्ही वाचा, मला नको परत. विद्यापीठाचं पत्र आहे ते. पालक म्हणून घरचा पत्ता दिलेला होता, मी विसरूनच गेलो होतो. चौदा महिन्यांपूर्वी पत्र घरी गेलं, इथल्या भाषेत. मामांकडून इंटरनेटवरून दोन मिनिटांत अर्थ लावून घेता आला असता. पण छत्तीस वर्षं भाषा शिकवलेला माणूस मेव्हण्यापुढं कागद घेऊन जाईल? शब्दकोश मागवला. पत्र वहीत उतरवलं आणि एकेका शब्दाखाली पेन्सिलीनं अर्थ. तारखा बघा प्रत्येकाला. तो शेवटचा शब्द — आधी त्याचा अर्थ लावलाय ‘पूर्ण’. नोंदणी पूर्ण, म्हणजे शिक्षण पूर्ण. मग अकरा दिवसांनी ते खोडून ‘रद्द’.

अकरा दिवस त्यांना वाटत होतं, पोराचं वेळेआधी पूर्ण झालं. आई तेव्हा फोनवर म्हणाली होती — हल्ली हे आंघोळीला गेले की गुणगुणतात, काय झालंय कुणास ठाऊक. मी हसलो होतो. मग एका रविवारी तिला विचारलं, काय, बाबा गातायत का अजून? म्हणाली, नाही रे, बंद झालं.

मग बोलायचं ना! बाराव्या दिवशी फोन करून आई-माईवरून शिव्या घालायच्या, थोबाडीत मारायला विमानानं यायचं! चौदा महिने एक परकी भाषा शिकत बसले, क्रियापदं चालवत बसले, पण आपल्या भाषेत एक वाक्य नाही निघालं तोंडातून. मी खोटं बोललो, मान्य. नालायक आहे, मान्य. पण मी निदान घाबरून बोललो. त्यांनी अभ्यास करून पकडलं मला.

इथल्या साहेबाला काय चिठ्ठी दिलीय माहीत आहे? दाखवली मला त्यानं. इथल्या भाषेत, एक चूक नाही, मला तीन वर्षांत असं वाक्य जमत नाही — ‘कृपया दुभाषी बोलवावा. माझ्या सोबतचा दुभाषी विश्वासार्ह नाही.’ सोबतचा दुभाषी! मुलगा नाही लिहिलं, चि. नाही लिहिलं. मला आधी हसू आलं, मग ती चिठ्ठी परत वाचली.

हां — फोन ठेवला त्यानं. बोलावतोय तुम्हाला. ही वही न्या, त्यांना द्या. मी वाचली हे सांगू नका. नाही, सांगा. हा बिल्लाही द्या, छत्री उद्या मी पोस्टानं — नको, ते राहू दे. एवढंच करा: साहेब फॉर्म भरताना विचारेलच, बाहेर बसलेला तुमचा कोण. ते ‘चिरंजीव’ म्हणाले तर तुम्ही साहेबाला ‘मुलगा’ सांगून टाका, त्याला तेवढं पुरे. पण बाहेर येऊन मला त्यांचा शब्द सांगा. दुसरं काही म्हणाले तर तेही. जसंच्या तसं, हां. माझ्या तोंडाकडं बघून गोड करायचं नाही, ते मला सगळं येतं.

कोट राहू द्या खुंटीला. तेवढं नीट सांभाळतो मी. जा.