सुब्बूचे डबे

पोरांनो, तुमी घरातबी हिंदी झाडता, म्हणून आठवलं. भिलाईचा कारखाना उभा होत होता तेव्हा आमी पाच मुलखांतले पाच जण सोबत डबा खाचो. कोनी एकटा पडू नये म्हणून नेम केला, हिंदीच बोलाचं. जो आपली भाषा बोलंन, त्यानं सगळ्यांचे डबे घासाचे.

मद्रासकडचा सुब्बू कधीच चुकला नाही. चुकंन कसा? त्याले हिंदी येतच नव्हती, गप बसून जेवे.

एक दिवस तो तमिळमंधी भडाभडा बोलला, अन् पाचही डबे घेऊन नळावर गेला. दुसऱ्या दिवशीबी तेच. आठवडाभर तेच.

मी इचारलं, "रोज क्यों, भाई?"

त्यानं आमचं ऐकून उचललेले चार शब्द जोडले, "डब्बा धोएगा. बात करेगा."

दुसऱ्या दिवशी नळावर पाचही जण होतो, पाच भाषांत बोलून राहिलो होतो.